एक चेंडू बाकी

एवारिस्तो पायानोला गावात सगळे खेचर म्हणतात. तोंडावर म्हणतात. तो ओ देतो.

याची दोन कारणं सांगितली जातात. एक, तो उसाच्या गाड्या ओढणाऱ्या खेचरांइतका हट्टी आहे. दुसरं, खेचराची लाथ कुठे बसेल हे जसं खेचरालाही आधी माहीत नसतं, तसं त्याच्या चेंडूचं होतं. दुसरं कारण जास्त खरं आहे.

मी त्याच्या दुकानात पहिल्यांदा गेले ती पंक्चर काढायला. राजधानीत साहित्याची पदवी घेऊन मी कान्या ओंदाला परतले होते, साखर कारखान्याच्या शाळेत शिकवायला. उसाच्या रेल्वेचे रूळ ओलांडताना माझी स्कूटर दर आठवड्याला पंक्चर व्हायची. खेचर ट्यूब पाण्यात बुडवायचा, बुडबुडे शोधायचा आणि बोलत राहायचा. मी उलट्या क्रेटवर बसून ऐकायचे. पुढे पुढे स्कूटर धडधाकट असली तरी मी तिथे जायला लागले.

"काय शिकलीस गं तिकडे एवढी वर्षं, मास्तरीणबाई?"

"साहित्य."

"म्हणजे करायचं काय असतं?"

"गोष्टी वाचायच्या. त्यांचा अर्थ लावायचा."

"त्याचा पगार मिळतो?"

"थोडा."

"मला चेंडू फेकायचा मिळायचा. त्याचा अर्थसुद्धा लावावा लागत नव्हता."

अकरा वर्षं तो पगारावर बेसबॉल खेळला. त्याचा बाप ऊस तोडायचा. पहिला हातमोजा दुधाचं रिकामं खोकं दुमडून केलेला. सतराव्या वर्षी टोपीवाला एक गोरा माणूस गावात आला. त्याने पोरांना ओळीत उभं करून चेंडू फेकायला लावले. खेचराचा चेंडू सगळ्यांत वेगात गेला आणि त्याच माणसाच्या गाडीची काच फोडून आत पडला. गोऱ्याने काच बघितली, वेग मोजायचं यंत्र बघितलं आणि म्हणाला की दिशा शिकवता येते, वेग शिकवता येत नाही. मग तो पोराला अमेरिकेला घेऊन गेला.

दिशा शेवटपर्यंत शिकवता आली नाही.

तिकडे गेला तेव्हा त्याला इंग्रजीतला एकच शब्द येत होता. येस. प्रशिक्षकाने विचारलं, हात दुखतोय का? येस. झोप लागत नाही का? येस. घरची आठवण येते का? येस. त्यांनी त्याला महिनाभर बाकावर बसवून ठेवलं. त्याला वाटलं, चांगलं फेकल्याचं बक्षीस आहे. अशा कारभारात त्याने चार-पाच लहान लहान गावांच्या संघांतून वर्षं काढली. बसमधून हिंडला. भरपूर लोकांना चेंडू मारला. मुद्दाम कोणालाच नाही. तो मधोमध टाकायला जायचा आणि चेंडू माणसाच्या बरगडीत जायचा. लोक त्याला भयंकर माणूस समजायचे. तो रात्री मेणबत्ती लावून त्यांच्यासाठी प्रार्थना करायचा.

मग एका सप्टेंबरात मोठ्या लीगमधल्या एका संघाचे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, दुखापतींनी आडवे झाले आणि याला बोलावणं आलं. सगळ्यात मोठी लीग. हजारो लोक, दिवे. एका संध्याकाळी मॅनेजरने त्याला मैदानात पाठवलं. समोर पहिला फलंदाज आला. खेचराने चेंडू त्याच्या बरगडीत घातला. दुसरा आला. त्याच्या ढुंगणावर घातला. मॅनेजर स्वतः चालत आला आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. चेंडू लागलेल्याला पहिला बेस फुकट मिळतो; ते दोघे फलंदाज पुढे धावून घरी, म्हणजे सुरुवातीच्या प्लेटपाशी, पोचले आणि त्या दोन धावा खेचराच्या नावावर लागल्या. त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही. मोठ्या लीगमधली त्याची कारकीर्द एवढीच.

पिचरची एक सरासरी असते. दिलेल्या धावांना बाद केलेल्या गड्यांच्या हिशेबाने भागायचं. खेचराने दोन धावा दिल्या आणि बाद कोणालाच केलं नाही. शून्याने भागता येत नाही. त्यामुळे आकडेवारीच्या पुस्तकात त्याच्या नावापुढे आडवा आठ छापलेला आहे. ते पान त्याने कापून कॉम्प्रेसरच्या वर चिकटवलंय.

"काका, हे चिन्ह काय आहे माहितीये तुम्हाला?"

"आठ. दमून झोपलाय."

"अनंताचं चिन्ह आहे ते."

"म्हणजे?"

"जे संपत नाही ते."

त्याने ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "संपलेलं नाहीच." आणि त्याने रस्त्यापलीकडे बघितलं.

रस्त्यापलीकडे एल्पिडिओ चार्ल्सचं किराणा दुकान आहे. चार्ल्स गल्ल्यामागे उभा होता. तोंड रस्त्याकडे. एका बाईने सार्डिनचा डबा मागितला. चार्ल्सने खेचरावरची नजर न काढता हात मागे नेला, फळी चाचपली आणि डबा काढून दिला. तो कधीच वळत नाही. गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ गेलं तरी वळत नाही. मला वाटायचं की मानेचा काहीतरी आजार असेल.

आजार खेचर होता.

अमेरिकेहून परतल्यावर खेचर आपल्याकडच्या हिवाळी लीगमध्ये खेळायला लागला. एका वर्षी त्याचा संघ अंतिम सामन्यात पोचला. शेवटचा डाव, बरोबरी, खेचर पिचर. समोर बॅट घेऊन चार्ल्स. खेचराने आयुष्यात क्वचितच टाकला असेल असा सरळ चेंडू टाकला आणि चार्ल्सने तो कुंपणापलीकडे घालवला. होम रन. सामना संपला. चेंडू बाहेर गेला की घाई नसते. चारही बेसना शिवून घरी यायचं, बस. पण त्यातही रीत असते. मान खाली घालायची आणि पळायचं. चार्ल्स रमतगमत चालला. तिसऱ्या बेसपाशी थांबला. एक गुडघा टेकला. बुटाची नाडी बांधली. संपूर्ण स्टेडियम बघत होतं. बँड वाजायचा थांबला. चार्ल्स उठला, पँट झटकली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो. चार्ल्स वाकलेला. मागे अंधुक खेचर.

असं कोणी मिरवलं तर पिचरला एक हक्क मिळतो. पुढच्या वेळी तो फलंदाज समोर आला की त्याच्या अंगावर चेंडू घालायचा. डोक्यावर नाही. बरगडी, कंबर, मांडी. त्याने तो मुकाट खायचा. चोळायचं नाही. पहिल्या बेसवर जाऊन उभं राहायचं. विषय मिटला, संध्याकाळी दोघं एकत्र बिअर प्यायला मोकळे. हे कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर कोणी पाळलं नसतं.

पण पुढची वेळ आलीच नाही. हंगाम संपला होता. उन्हाळ्यात खेचराला मेक्सिकोतल्या संघाला विकलं आणि तिथे त्याचं कोपर गेलं. चार्ल्सने त्याच उन्हाळ्यात खेळ सोडला. गुडघे गेले म्हणाला. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता आणि जिने पळत चढत होता.

"पळाला," खेचर म्हणायचा. "लोक पोलिसांना भिऊन पळतात, सावकाराला भिऊन पळतात. हा माझ्या एका चेंडूला भिऊन निवृत्त झाला."

"पण काका, तो रोज समोर असतो. नुसता रस्ता ओलांडायचा."

"आणि?"

"आणि मारायचा चेंडू."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की माझी पदवीच परत घ्यावी.

"रस्त्यात मारला तर गुन्हा. मैदानात मारला तर न्याय. हातात बॅट पाहिजे त्याच्या. मागे पंच पाहिजे. एवढं पण नाही शिकवत तुमच्याकडे?"

आमच्याकडे दर जानेवारीत, ग्रामदेवतेच्या उत्सवात, खेळ सोडलेल्यांचा, म्हणजे बहुतेक म्हाताऱ्यांचा, सामना होतो. वरची आळी विरुद्ध खालची आळी. खेचर वरच्या आळीचा, चार्ल्स खालच्या. अडतीस वर्षं दर उत्सवाच्या सकाळी चार्ल्सची कंबर धरायची. संध्याकाळी तो नाचायचा.

आणि तरी रोज चार वाजता दोघं चार्ल्सच्या दुकानासमोर डॉमिनो खेळायचे. एकमेकांचे जोडीदार म्हणून. एकमेकांविरुद्ध खेळले असते तर चार्ल्सला खेचराच्या शेजारी बसावं लागलं असतं. जोडीदार समोरासमोर बसतात. चार्ल्सला तो समोर हवा होता. गावातली सगळ्यात चांगली जोडी होती ती.

*

गेल्या डिसेंबरात चार्ल्सच्या मुलीने न्यूयॉर्कहून कळवलं की आईबापांचे कागद झाले. या आता इकडे, कायमचे. तिकिटं उत्सवानंतरच्या मंगळवारची.

ही बातमी चार्ल्सची बायको एर्मिनिया हिने डॉमिनोच्या टेबलापाशी सांगितली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. खेचराने केलं नाही. त्याने हातातली सोंगटी उपडी ठेवली.

"म्हणजे तू चाललास."

"चाललो."

"आणि माझं काय?"

"तुझं काय? तुला पण घेऊन जाऊ? सामानात खेचर चालत नाही."

खेचर उठला आणि रस्ता ओलांडून गेला. मी मागे गेले. तो कॉम्प्रेसरसमोर उभा होता, त्या आडव्या आठाकडे बघत.

"काका, आता सोडून द्या ना. निवृत्त होऊन किती वर्षं झाली."

"मी निवृत्त नाही."

"मग काय?"

"बेकार आहे. दोन्हींत फरक असतो. निवृत्त माणसाचं काम संपलेलं असतं." त्याने हात पुसले. "माझ्या हातून जन्मभर जेवढ्यांना चेंडू लागले तेवढे चुकून लागले. एकच मुद्दाम मारायचा होता. हक्काचा. तोच राहिला. आणि आता तो चालला बर्फात."

मला वाटत आलं होतं की हा गावचा एक विनोद आहे. विनोद गावाचा होता. त्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार्ल्सने दुकानाच्या दारात उभं राहून, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं की यंदा त्याची कंबर ठणठणीत आहे आणि तो बॅट घेऊन उभा राहणार आहे.

*

खेचराने सरावाला सुरुवात केली. बदामाच्या झाडाला गादी टांगली. टायरवर खुणा करायच्या खडूने तिच्यावर चार्ल्सची कंबर काढली. जरा मोठीच काढली. चेंडू गोळा करायचं काम माझं.

पहिला चेंडू कॉम्प्रेसरला लागला. दुसरा एका गिऱ्हाइकाच्या आरशाला. तिसऱ्याने शेजारच्यांची कोंबडी मेली. शेजाऱ्यांनी तिचं कालवण केलं आणि एक वाटी आम्हालाही पाठवली, पुन्हा फेका म्हणून निरोपासह. गादीला एकही लागला नाही. खांदा वर जात नव्हता. डॉक्टर म्हणाला की या वयात हा हात खुंटीला टांगावा. खेचराने घोड्यांचं मलम आणलं.

"घोड्यांचं?"

"खेचराचं मिळत नाही. आई घोडीच असते त्याची. चालेल."

दुकानात तो मलमाचा वास महिनाभर राहिला. सामन्याच्या आदल्या दिवशी एक चेंडू गादीला लागला. कंबरेला नाही, गादीच्या कोपऱ्याला. आम्ही दोघांनी तेवढ्यावर समाधान मानलं.

*

सामन्याच्या दिवशी सगळं गाव आलं. कारखान्याने भोंगा वाजवला. तळलेल्या केळ्यांच्या गाड्या लागल्या, बँड आला. एर्मिनिया पहिल्या रांगेत छत्री उघडून बसली. मी तिच्या शेजारी.

पंच होता फिदेन्सिओ. त्याचा धंदा शवपेट्यांचा. तो दर वर्षी पंच असतो, कारण म्हाताऱ्यांशी त्याला बिघडवून चालत नाही.

"दोघंही माझीच गिऱ्हाइकं," तो म्हणाला. "मी भेदभाव करणार नाही. पण आज कोणी मरू नका. सुट्टी आहे."

पहिल्याच डावात चार्ल्स बॅट घेऊन आला. टकलावर हेल्मेट, पोट पुढे. त्याने बॅट खांद्यावर ठेवली आणि डोळे अर्धे मिटले. टोचून घ्यायला दंड पुढे करून बसलेला माणूस दिसतो तसा दिसत होता. खेचराने हात मागे नेला. तो जितका गेला तितका.

चेंडू सरळ मधोमध गेला.

"स्ट्राइक," फिदेन्सिओ म्हणाला. असे तीन झाले की फलंदाज बाद.

खेचराने स्वतःच्या हाताकडे बघितलं. चार्ल्सने डोळे उघडले.

दुसरा चेंडू. त्याने स्पष्ट कंबरेवर नेम धरला होता. मी शपथेवर सांगते. चेंडू मधोमध.

"स्ट्राइक दोन."

चार्ल्सने कंबर पुढे काढली. जवळजवळ प्लेटवर ठेवली.

"चार्ल्स, कंबर आत घे," फिदेन्सिओ म्हणाला. "अंग मुद्दाम मध्ये घातलंस तर धरणार नाही. नियम आहे."

"त्याला सांग ना. मी कधीचा उभा आहे."

तिसरा चेंडू इतका सुंदर होता की प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरला हातमोजा हलवावासुद्धा लागला नाही. ओळीने तीन चेंडू त्याला हवे तिथे जाणं खेचराला पगार घेऊन कधी जमलं नव्हतं. आज ते हवे दुसरीकडे होते. चार्ल्स बाद झाला. बॅट खांद्यावरून न हलवता.

वरची आळी नाचायला लागली. बँड वाजला. खेचराच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी टाळी होती आणि तो पिचरच्या उंचवट्यावर रडकुंडीला येऊन उभा होता.

चार्ल्सने बॅट फेकली.

"अरे, मी मार खायला आलोय आणि तू मला बाद करतोस?"

"मारतच होतो रे. जात नव्हता तिकडे."

"जन्मभर लोकांच्या बरगड्या मोडल्यास. आणि आजच तुला मधोमध सापडला? मारत नाहीस ते नाहीस, वर बाद. दोनदा अपमान. एकाच माणसाचा."

"अपमान तू केलास. मी नाही. नाडी कोणी बांधली?"

"सुटली होती," चार्ल्स ओरडला. "ती नाडी सुटली होती, मूर्खा. खरंच सुटली होती. मी पडलो असतो."

बँड थांबला. अडतीस वर्षांत दुसऱ्यांदा.

एर्मिनियाने छत्री मिटली.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"मी ऐकलंय. सुटली होती?" ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज अगदी शांत होता. "तो फोटो बघून मी याच्याशी लग्न केलं. माझा बाप नको म्हणत होता. मी म्हटलं, बघा काय छाती आहे पोराची."

चार्ल्स खाली मान घालून बाकावर जाऊन बसला. खालच्या आळीतल्या कोणीही त्याला जागा करून दिली नाही.

सामना पुढे चालला. खेचर उंचवट्यावरून हलायला तयार नव्हता. संघातले दोघं समजवायला गेले. त्याने ऐकलं नाही. त्याचे चेंडू आता कॅचरपर्यंत जेमतेम पोचत होते. खालच्या आळीने धावांचा ढीग रचला. त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे चार्ल्सची पाळी मोजत होते.

ती आली. चार्ल्स बॅट घेऊन निघाला, पण प्लेटपाशी थांबला नाही. सरळ उंचवट्याकडे गेला. गाव उठून उभं राहिलं. मी पळत मैदानाच्या रेषेपर्यंत गेले. मला थांबवायचं होतं की ऐकायचं होतं, ठाऊक नाही.

"खरंच सुटली होती?" खेचराने विचारलं.

"खरंच."

"म्हणजे तू मिरवलं नाहीस."

"नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"कोणाला बोलू? दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. जिथे जाईन तिथे लोक रम पाजतात. माझ्या आयुष्यात लोकांनी लक्षात ठेवावं असं तेवढंच झालं, खेचरा. त्यात काय सांगू, गाठ सैल होती म्हणून?"

"आणि खेळ का सोडलास?"

"तुला कुठे माहीत होतं ती सुटलीये ते? तू मारलाच असतास. तुझा चेंडू बरगडीत जाताना मी जवळून ऐकलाय. नारळ फोडल्यासारखा आवाज येतो."

खेचराने चेंडू हातमोज्यात टाकला.

"मग आता मला हक्कच नाही राहिला."

"आता ते नको काढूस."

"नियम नियम आहे. मिरवलं असेल तरच मारायचं. तू मिरवलंच नाहीस. आता मारला तर मी नुसता गुंड." त्याने हातमोजा मिटला. "एवढी वर्षं काही नव्हतंच म्हणजे."

"माझे आजोबा ऊस तोडायला इंग्रजांच्या बेटांवरून आले," चार्ल्स म्हणाला. "त्यांचा खेळ वेगळा होता. क्रिकेट. ते सांगायचे, आमच्यात माणूस दिवसभर बॅट घेऊन उभा राहतो, कोणी मुद्दाम अंगावर टाकत नाही."

"खरं?"

"नाही. पुढे कळलं, ते पण टाकतात." त्याने कपाळ पुसलं. "ऐक. मला मंगळवारी विमानात पाठ टेकून बसायचंय. मार एक."

"हक्क नाही."

चार्ल्सने मान हलवली. मग वळून, नाही, वळला नाही, तोंड खेचराकडे ठेवून उलटा चालत प्लेटपाशी गेला. फिदेन्सिओकडे हात वर केला. थांब, म्हणाला. एक गुडघा टेकला. या वयात तो टेकायला वेळ लागला. त्याने उजव्या बुटाची नाडी सोडली. दोन्ही टोकं ताणून सगळ्यांना दाखवली. मग पुन्हा बांधली. सावकाश. पहिली गाठ, मग फुली, मग एक फासा, मग दुसरा फासा. नीट झालं नाही म्हणून सोडून परत बांधली. डोकं वर करून खेचराकडे बघितलं आणि हसला.

मैदानात कोणीतरी म्हणालं, "अरे देवा."

"किती हलकट आहे हा माणूस," एर्मिनिया म्हणाली. तिने छत्री पुन्हा उघडली होती. चेहरा खुलला होता.

मी खेचराकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. त्याचा असा राग मी कधी बघितला नव्हता. इतका आनंदी.

चार्ल्स उठला. बॅट उचलली. या वेळी डोळे मिटले नाहीत.

खेचराने हात मागे नेला. खांद्यातून कटकन आवाज आला, तो मला रेषेपर्यंत ऐकू आला. चेंडू सुटला. त्यात वेग नव्हता. अर्ध्या वाटेवर तो जमिनीवर आपटला, एकदा उडाला, गवतावरून घरंगळल्यासारखा आला आणि चार्ल्सच्या उजव्या बुटावर, नाडीच्या गाठीवर, टप्पकन लागून थांबला.

बसच्या थांब्यावर कुत्रा येऊन पायाला नाक लावतो तेवढं.

सगळे फिदेन्सिओकडे बघायला लागले. त्याने चेंडू बघितला, बूट बघितला. टोपी काढली, परत घातली.

"टप्पा पडून लागला तरी लागलाच," तो म्हणाला. "पहिला बेस घे, चार्ल्स."

चार्ल्सने पाय चोळला नाही. बॅट हळूच खाली ठेवली आणि मान खाली घालून निघाला. तो पळत होता. पोट, टक्कल, गुडघे, सगळं घेऊन पळत होता. चार्ल्सला पळताना गावातल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदाच बघितलं. पहिल्या बेसवर पोचल्यावर त्याने धाप टाकली, कंबरेवर हात ठेवले आणि वळला. उसाच्या शेतांकडे तोंड करून उभा राहिला.

पाठ खेचराकडे. रुंद, घामाने भिजलेली, शर्ट चिकटलेली पाठ.

खेचर ती बघत राहिला. बराच वेळ. मग हातमोजा बगलेत दाबून डावा हात त्यातून बाहेर काढला. उजवा हात हलत नव्हता.

"फिदेन्सिओ, हा धरलास ना?"

"धरला."

"मग मी जातो. दुकान उघडं टाकून आलोय."